लोकशाहीर आणि त्याचा श्रोता : वूडी गथ्रीची उमेदवारीची वर्षे (१९२९–१९४१)

पोवाडा हे इतिहासाचे साधन मानावयाचे की नाही, हा वाद महाराष्ट्रात जुना आहे. ॲकवर्थ व शालिग्राम यांनी १८९१ मध्ये ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह प्रसिद्ध केला आणि पुढे १९२८ पासून य. न. केळकर यांचे ‘ऐतिहासिक पोवाडे’ अभ्यासकांच्या हाती आले. तेव्हापासून पोवाड्याचा उपयोग करणाऱ्या जाणत्या संशोधकाने तीन प्रश्न विचारावेत, असा संकेत हळूहळू रूढ झाला : शाहीर कोण व कोठला, त्याला आश्रय कोणाचा, आणि प्रसंग घडल्यानंतर किती काळाने रचना झाली. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून पोवाड्यातील एखादी ओळ पुरावा म्हणून पुढे करणे धाडसाचे ठरते. हेच प्रश्न आधुनिक काळातील, नभोवाणी व ध्वनिमुद्रिका यांच्या युगातील लोकगायकाला लावून पाहिले तर काय हाती लागते, याची परीक्षा घेण्यास अमेरिकेतील वूडी गथ्री याच्याइतके योग्य उदाहरण क्वचितच मिळेल. त्याच्या गीतांना १९३० नंतरच्या मंदीचा व धुळीच्या वादळांचा जिवंत पुरावा म्हणून पाठ्यपुस्तकांत स्थान मिळाले आहे. शिवाय तो कोणाचाही बांधील नसलेला, स्वतंत्र वृत्तीचा गायक म्हणून ओळखला जातो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु लोकसमज त्यांचा जो अर्थ लावतो त्या अर्थाने नव्हे.

गथ्रीच्या पूर्वायुष्याविषयी जे सर्वत्र सांगितले जाते त्यातील बराच भाग त्याच्याच ‘बाउंड फॉर ग्लोरी’ या १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनातून आलेला आहे. हा ग्रंथ वाङ्मय म्हणून रसाळ आहे. तथापि तो घडलेल्या गोष्टींनंतर, न्यूयॉर्कमध्ये नाव झाल्यावर लिहिलेला असून त्यात प्रसंगांची जुळवाजुळव, संवादांची रचना व कालक्रमाची उलटापालट मुक्तपणे केलेली आहे. मराठी वाचकाला त्याची जात लगेच ओळखू येईल : ती बखर आहे. राजवाड्यांनी १८९८ मध्ये पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींची जी झडती घेतली तीच येथेही घेणे प्राप्त आहे. म्हणजे बखर टाकून द्यावयाची नाही, पण समकालीन कागदाशी ती ताडून पाहावयाची. सुदैवाने असे कागद विपुल आहेत. सायक्लोस्टाइल यंत्रावर काढलेल्या गीतपुस्तिका, वृत्तपत्रांतील स्तंभ, श्रोत्यांची पत्रे, ध्वनिमुद्रणे आणि सरकारी नेमणुकीची नोंद असा हा संभार असून त्याचा मोठा भाग २०१३ पासून ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथील केंद्रात जतन केलेला आहे.

वुड्रो विल्सन गथ्री याचा जन्म १४ जुलै १९१२ रोजी ओक्लाहोमातील ओकीमा या गावी झाला. डेमोक्रॅटिक पक्षाने त्याच महिन्यात अध्यक्षपदासाठी ज्याला उमेदवारी दिली त्या पुढाऱ्याचे नाव मुलाला देण्यात आले, यावरून घरचे वळण कळते. बाप चार्ली हा जमिनींची खरेदी-विक्री करणारा, स्थानिक राजकारणात वावरणारा आणि समाजवाद्यांविरुद्ध वृत्तपत्रांत लिहिणारा गृहस्थ होता. म्हणजे हा ‘कुणब्याचा पोर’ नव्हे. गावातल्या वजनदार मध्यमवर्गातला मुलगा होता. पुढे घराचे वासे फिरले. थोरली बहीण क्लारा १९१९ मध्ये भाजून मरण पावली. १९२७ मध्ये बाप आगीत होरपळला. आई नोरा हिला नॉर्मन येथील मनोरुग्णालयात ठेवावे लागले आणि तेथेच १९३० मध्ये तिचा अंत झाला. तिचा आजार वेडाचा नसून हंटिंग्टन रोग होता. तो आनुवंशिक असतो आणि पुढे खुद्द वूडीही त्याच रोगाने अनेक वर्षे रुग्णालयात काढून ३ ऑक्टोबर १९६७ रोजी मरण पावला. तेलाच्या शोधाने १९२० नंतर ओकीमा फुगले व काही वर्षांतच ओसरले. घर व गाव दोन्ही एकाच सुमारास खचलेली पाहण्याचा हा अनुभव त्याच्या गीतांच्या मुळाशी आहे असे म्हणता येईल. पण त्यात धुळीचा संबंध अद्याप कोठेच नाही.

१९२९ मध्ये तो बापाच्या मागोमाग टेक्सासच्या उत्तर टोकाला पॅम्पा या तेलनगरीत आला. येथील आठ वर्षे ही त्याची खरी उमेदवारी होय. दुकानांच्या पाट्या रंगवाव्यात, गावच्या ग्रंथालयात मिळेल ते वाचावे आणि सारंगीसारखे फिडल वाजविणाऱ्या जेफ चुलत्याकडून गिटार शिकावी, असा त्याचा क्रम होता. मॅट जेनिंग्ज व क्लस्टर बेकर या मित्रांसह त्याने ‘कॉर्नकॉब ट्रायो’ नावाचा ताफा काढला आणि १९३३ मध्ये मॅटच्या बहिणीशी, मेरीशी, विवाह केला. नाचाच्या बैठकींत, विनोदी नकला करीत, लोकांना ठाऊक असलेल्या चाली वाजविणे हे या ताफ्याचे काम असे. ‘लोकगायक’ ही जाणीव तेथे नव्हती. आसपासच्या गावांत बिदागीवर वाजविणाऱ्या हौशी वादकांपैकी तो एक होता. त्या काळी दक्षिणेकडील डोंगराळ मुलुखातील कार्टर कुटुंबाच्या ध्वनिमुद्रिका घरोघर वाजत. त्यांच्या चाली त्याच्या कानात बसल्या त्या कायमच्या. पुढे त्याने शेकडो गीते रचली, परंतु नवी चाल क्वचितच बांधली. जुनी चाल घ्यावी आणि तीत ताजा मजकूर भरावा, ही त्याची पद्धत पोवाडे व लावण्यांच्या परंपरेला मुळीच अपरिचित नाही.

१४ एप्रिल १९३५ या दिवशी, ‘काळा रविवार’ म्हणून पुढे प्रसिद्ध झालेल्या दिवशी, धुळीची काळी भिंत पॅम्पावर येऊन आदळली. भरदिवसा हात दिसेनासा झाला आणि जगबुडी आली असे अनेकांना वाटले. या वादळावर गथ्रीने जे गीत रचले ते पुढे ‘सो लाँग, इट्स बीन गुड टु नो यू’ या नावाने जगभर गेले. ते नीट वाचले तर एक गोष्ट ध्यानात येते. गीताचा मूळ पाठ आक्रोशाचा नाही, थट्टेचा आहे. अंधारात बसलेले प्रेमी युगुल आणि आपला व्याप आवरता घेणारा धर्मोपदेशक यांची त्यात मिस्कील टवाळी आहे. चालही बिली द किड या दरोडेखोरावरील गीताची उसनी घेतलेली. त्याच महिन्यात त्याने आपली पहिली गीतपुस्तिका सायक्लोस्टाइलवर काढली. तिच्यावर आपले नाव न घालता ‘अलाँझो एम. झिल्च’ हे विनोदी टोपणनाव घातले आणि आतही विडंबनाचाच रंग प्रधान ठेवला. १९३५ चा हा गथ्री आणि १९४० चा ‘धुळीचा शाहीर’ यांच्यात पाच वर्षांचेच अंतर आहे, पण ते मोठे आहे. संकटाच्या ऐन जागी, ऐन वेळी रचलेले गीत हसते, आणि पाच वर्षांनी हजार मैलांवर गायलेली गीते रडतात व बजावतात. हा फरक केवळ गायकाच्या वयाचा नसून श्रोत्याचा आहे.

येथे एका सर्वसाधारण गैरसमजाकडे वळणे आवश्यक आहे. ओक्लाहोमाचे शेतकरी धुळीने उठले व कॅलिफोर्नियाला गेले, असे चित्र गीतांनी, कादंबरीने व चित्रपटाने मनावर ठसविले आहे. वस्तुतः धुळीच्या वादळांचा मुख्य प्रदेश म्हणजे कॅन्ससचा पश्चिम भाग, कोलोरॅडोचा आग्नेय कोपरा, न्यू मेक्सिकोचा ईशान्य कोपरा आणि ओक्लाहोमा व टेक्सास यांची उत्तरेकडील निमुळती टोके. ओक्लाहोमातून निघालेल्या बहुसंख्य स्थलांतरितांचा मुलुख त्याहून बराच पूर्वेला, कापूस पिकविणारा होता. तेथे अर्धेलीने जमीन कसणारी कुळे उठली ती अवर्षणामुळे, कापसाचा भाव कोसळल्यामुळे, ट्रॅक्टर आल्यामुळे, आणि पेरा कमी करण्यासाठी सरकारने जमीनमालकांना पैसे दिल्यावर मालकांनी कुळांना काढून लावल्यामुळे. जेम्स ग्रेगरी यांच्या १९८९ मधील ग्रंथाने आणखी एक गोष्ट पुढे आणली : त्या दशकात नैर्ऋत्येकडील चार राज्यांतून कॅलिफोर्नियाला गेलेल्या तीन लाखांहून अधिक लोकांपैकी निम्मे देखील शेतीवरचे नव्हते. पुष्कळ जण गावांतून व शहरांतून निघून सरळ लॉस एंजेलिस परिसरात नोकरी शोधण्यास गेले. वूडी गथ्री हा यांपैकीच एक. त्याने धूळ पाहिली होती, पण त्याच्या नावावर शेत नव्हते. तो पाट्या रंगविणारा होता. धुळीमुळे घर सोडले असे त्याने पुढे गायले. मात्र १९३७ मध्ये तो पॅम्पाहून निघाला तो मुख्यतः चरितार्थासाठी आणि कदाचित भटकण्याच्या ओढीने, पत्नी व लहान मुले मागे ठेवून. या शेवटच्या गोष्टीचा उल्लेख त्याचे चाहते सहसा घाईने आटोपतात.

लॉस एंजेलिसमध्ये लिऑन ऊर्फ जॅक गथ्री या चुलत भावाबरोबर जुलै १९३७ मध्ये त्याला केएफव्हीडी या छोट्या नभोवाणी केंद्रावर गाण्याची संधी मिळाली. जॅक हा चित्रपटातील गुराख्याच्या थाटात गाणारा, गोड गळ्याचा गायक होता. काही आठवड्यांतच तो पोटापाण्यासाठी बाहेर पडला आणि त्याच्या जागी मॅक्सीन क्रिसमन ही तरुणी आली. गथ्रीने तिला ‘लेफ्टी लू’ हे नाव दिले. दोघांचे गाणे अगदी साधे होते. खेडेगावच्या घरात जेवणानंतर जशी जुनी गीते म्हटली जातात तसे ते ऐकू येई, आणि मधूनमधून वूडी आपल्या गावरान बोलीत चार गोष्टी सांगे. याला पत्रांचा पाऊस पडला. पत्रे लिहिणारे प्रामुख्याने ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सा व मिसुरी येथून आलेले लोक होते. शहराची वृत्तपत्रे त्यांना ‘ओकी’ म्हणून हिणवीत, आणि नभोवाणीवर आपलीच बोली ऐकून त्यांना घर आठवे. ते गायकाकडे जुन्या गीतांची मागणी करीत, विसरलेली कडवी स्वतः लिहून पाठवीत, गीतांचे शब्द मागवीत. या मागणीतूनच दोघांची ‘जुन्या डोंगरी गीतांची’ पुस्तिका निघाली व टपालाने विकली गेली.

आश्रय कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. केंद्राचा मालक जे. फ्रँक बर्क हा पुरोगामी विचारांचा गृहस्थ होता. गायकाने काय गावे यात तो फारसा हात घालीत नसे. बड्या नभोवाणी कंपन्यांचे जाहिरातदार व संहितातपासनीस या छोट्या केंद्रावर नव्हते. उत्पन्न थोडे, परंतु ते श्रोत्याच्या पत्रांवर आणि पुस्तिकेच्या विक्रीवर बहुतांशी अवलंबून. गथ्रीच्या ज्या स्वातंत्र्याचे कौतुक केले जाते ते म्हणजे वाऱ्यावर सोडलेली वृत्ती नव्हे. ती एक विशिष्ट आर्थिक व्यवस्था होती आणि लहान मालक, टपालखाते व स्थलांतरित श्रोता या तीन पायांवर ती उभी होती. ती जेथे होती तेथे त्याने मनाजोगते गायले. ती जेथे नव्हती तेथे तो टिकला नाही. १९३८ च्या प्रारंभी दोघांनी मेक्सिकोच्या हद्दीतील तिहुआना येथील एक्सईएलओ या शक्तिशाली केंद्रावर काम धरले, ते काही आठवड्यांतच संपले व दोघे परत बर्ककडे आली. जॅकसाठी त्याच सुमारास रचलेले ‘ओक्लाहोमा हिल्स’ हे गीत १९४५ मध्ये जॅकच्या नावावर देशभर गाजले, तेव्हा मूळ रचनाकाराला आपला हक्क सांगावा लागला. गीतांच्या मालकीविषयी तो जे बेफिकिरीने बोले त्याच्या जोडीला ही हकीकतही लक्षात ठेवावी.

श्रोता गायकाला कसा घडवितो याचा सर्वांत बोलका पुरावा ऑक्टोबर १९३७ मधील एका पत्रात आहे. गथ्रीने कार्यक्रमात माउथ ऑर्गनवर एक जुना तुकडा वाजविला आणि त्याचे नाव सांगितले. त्या नावात कृष्णवर्णीयांसाठी वापरला जाणारा हीन शब्द होता. त्याच्या घरात, गावात हा शब्द सहज वावरत असे. ओकीमाजवळ मे १९११ मध्ये जमावाने लॉरा नेल्सन व तिचा मुलगा यांना फासावर लटकविले होते, आणि आपला बाप त्या जमावात होता असे वूडीनेच नंतर लिहून ठेवले आहे. कार्यक्रमानंतर एका कृष्णवर्णीय तरुण विद्यार्थ्याचे पत्र आले. सुशिक्षित माणूस हा शब्द नभोवाणीवर उच्चारणार नाही, अशी त्याने सभ्य पण स्पष्ट शब्दांत कानउघाडणी केली होती. गथ्रीने ते पत्र कार्यक्रमात वाचून दाखविले, क्षमा मागितली आणि तसली गीते आपल्या वहीतून फाडून टाकली. चरित्रकार हा प्रसंग परिवर्तनाचा क्षण म्हणून सांगतात. ते पूर्णपणे मान्य करता येत नाही; त्याच काळातील त्याच्या हस्तलिखित विनोदी पत्रकांत कृष्णवर्णीयांची ओंगळ टवाळी आढळते. मन एका पत्राने पालटत नाही. मात्र या प्रसंगाचे महत्त्व दुसरीकडे आहे. ज्याला आपण ‘आपले लोक’ म्हणून गातो, त्या श्रोतृवृंदात आपल्याला न दिसणारी माणसेही बसलेली असतात, हे त्याला नभोवाणीने शिकविले. पॅम्पाच्या नाचघरात असा श्रोता आत येऊच शकला नसता.

१९३८ मध्ये बर्कने आपल्या ‘द लाइट’ या पत्रासाठी त्याला स्थलांतरितांच्या वस्त्यांत फिरून लिहिण्यास पाठविले, आणि शेतमजुरांच्या छावण्या त्याने प्रथमच जवळून पाहिल्या. म्हणजे ज्या लोकांचा तो कवी मानला जातो त्यांच्या सर्वांत हलाखीत असलेल्या थरापर्यंत तो बातमीदार म्हणून पोहोचला, पीडित म्हणून नव्हे. असेच ‘डो रे मी’ या गीताचे. खिशात पैसे नसणाऱ्याला कॅलिफोर्नियाच्या हद्दीवर अडविणाऱ्या पोलिसांचे त्यात वर्णन आहे. लॉस एंजेलिसचा पोलिसप्रमुख जेम्स डेव्हिस याने १३६ शिपाई राज्याच्या सीमेवर पाठवून खरोखरच नाकेबंदी केली होती. परंतु ती फेब्रुवारी १९३६ मध्ये सुरू झाली व काही आठवड्यांनीच उठली, गथ्री केएफव्हीडीवर येण्यापूर्वी वर्षभर. गीत त्याच्या अनुभवाचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही. पण नाकेबंदी उठल्यानंतरही तिची भीती व तिचा अपमान लोकांच्या बोलण्यात किती ताजा होता, याचा ते पुरावा आहे. आणि असा पुरावा पोलिसांच्या दप्तरात मिळत नाही. पानिपतावरील पोवाड्यात फौजेचे आकडे शोधणारा निराश होतो, पण त्या पराभवाचा घाव किती खोल गेला हे त्यालाच कळते. येथेही तसेच आहे.

छावणीतले लोक स्वतः काय गात होते? याचे उत्तर देणारे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. चार्ल्स टॉड व रॉबर्ट सोन्किन यांनी १९४० व १९४१ च्या उन्हाळ्यात काँग्रेस ग्रंथालयासाठी आर्विन, शाफ्टर, व्हायसेलिया इत्यादी ठिकाणच्या सरकारी छावण्यांत जाऊन गीते मुद्रित केली. त्यांत काही गीते स्थलांतराच्या दुःखावर आहेत. परंतु मोठा वाटा जुन्या प्रेमकथांचा, भजनांचा, नभोवाणीवर ऐकलेल्या लोकप्रिय गीतांचा व फिडलवरील नाचाच्या धुनांचा आहे. निषेधाचे गीत हे छावणीचे नित्याचे गाणे नव्हते. केएफव्हीडीच्या पत्रांतूनही हेच दिसते. लोकांना जुने हवे होते, आणि गथ्री त्या जुन्यात थोडे थोडे नवे मिसळीत होता.

हे मिसळणे १९३९ मध्ये वेगाने वाढले. ७ जानेवारी रोजी नवा राज्यपाल कल्बर्ट ओल्सन याने टॉम मूनी या दीर्घकाळ तुरुंगात असलेल्या कामगारपुढाऱ्याला माफी दिली. गथ्रीने लगेच त्यावर गीत रचून नभोवाणीवर गायले. त्याच केंद्रावर वार्तासमीक्षण करणारा साम्यवादी पत्रकार एड रॉबिन याने ते ऐकले व त्याला मूनीच्या सत्कारसभेत गाण्यास नेले. रॉबिनमुळे नट विल गीअर याच्याशी ओळख झाली. दोघे छावण्यांत व संपांत कार्यक्रम करू लागले. मे १९३९ पासून साम्यवाद्यांच्या ‘पीपल्स वर्ल्ड’ या दैनिकात ‘वूडी सेझ’ हा त्याचा स्तंभ सुरू झाला व जानेवारी १९४० पर्यंत त्याचे १७४ लेख आले. यातील वर्तनी मुद्दाम चुकीची, बोली गावंढळ. पॅम्पाच्या ग्रंथालयात वाचन केलेल्या माणसाची ही भाषा खरी नव्हे. ती एक भूमिका होती. तमाशातील सोंगाड्या जसे भोळेपणाचे सोंग घेऊन पाटलाला टोमणे मारतो तशी. तिच्यात लबाडी पाहणे चूक ठरेल. मात्र तिला निरक्षर प्रतिभेचा उद्गार समजणे त्याहून मोठी चूक आहे.

ऑगस्ट १९३९ मध्ये सोव्हिएत संघ व जर्मनी यांचा करार झाला आणि सप्टेंबरात सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या. गथ्रीने सोव्हिएत बाजू उचलून धरली. बर्कला ते रुचले नाही. वर्ष संपण्यापूर्वी केएफव्हीडीचा कार्यक्रम बंद झाला. तीन पायांच्या तिवईचा एक पाय निघाला की ती उभी राहत नाही. तो पॅम्पाला परतला आणि तेथून थंडीवाऱ्यात वाहने थांबवीत फेब्रुवारी १९४० मध्ये न्यूयॉर्कला गीअरकडे पोहोचला.

न्यूयॉर्कचा श्रोता निराळा होता. ३ मार्च १९४० रोजी फॉरेस्ट नाट्यगृहात शेतमजुरांच्या साहाय्यार्थ ‘ग्रेप्स ऑफ रॉथ’च्या नावाने जलसा झाला, त्यात ॲलन लोमॅक्स याने गथ्रीला प्रथम ऐकले. पंचवीस वर्षांचा लोमॅक्स काँग्रेस ग्रंथालयाच्या लोकगीतसंग्रहाचे काम पाहत होता. आपण शोधीत असलेला अस्सल लोककवी हाच, अशी त्याची खात्री झाली. त्याच महिन्याच्या २१, २२ व २७ तारखांना त्याने वॉशिंग्टनमध्ये गथ्रीची गीते व आठवणी मुद्रित केल्या. ही ध्वनिमुद्रणे अमूल्य आहेत, पण ती सावधपणे ऐकावी लागतात. लोमॅक्स प्रश्न विचारतो ते धुळीचे, दुष्काळाचे, रस्त्यावरच्या भटकंतीचे. गथ्री त्याला हवे ते, आणि हवे त्याच्यापेक्षा थोडे जास्तच, रंगवून सांगतो. लॉस एंजेलिसचे नभोवाणी केंद्र, लेफ्टी लूबरोबरची व्यावसायिक यशाची वर्षे मागे सरतात आणि मालवाहू गाडीवरून थेट शहरात उतरलेला धुळीचा गायक पुढे येतो. बखरीचा पहिला मसुदा येथे तयार झाला असे म्हणण्यास हरकत नाही.

एप्रिल व मे १९४० मध्ये व्हिक्टर कंपनीने ‘डस्ट बोल बॅलड्स’ हा संच मुद्रित केला व जुलैत तो बाहेर पडला. त्यातील ‘टॉम जोड’ हे तबकडीच्या दोन बाजू व्यापणारे दीर्घ कथागीत या संदर्भात उद्बोधक आहे. त्याची कथा स्टाइनबेकच्या १९३९ मधील कादंबरीवरून निघालेल्या जॉन फोर्डच्या चित्रपटातली आहे आणि चाल कार्टर कुटुंबाने गायलेल्या ‘जॉन हार्डी’ची. ज्यांना पुस्तक घेणे किंवा चित्रपट पाहणे परवडत नाही त्यांच्यासाठी आपण हे रचले, असे गथ्रीने म्हटले आहे. म्हणजे लोकांच्या कथेचा प्रवास लोकांकडून कादंबरीकाराकडे, तेथून हॉलिवूडला, आणि हॉलिवूडकडून पुन्हा लोकगायकाकडे असा झाला. लोकवाङ्मय मौखिक परंपरेतून आपोआप उगवते असे मानणाऱ्यांनी या कथागीताचा एकदा विचार करावा. त्याच फेब्रुवारीत, २३ तारखेला, न्यूयॉर्कच्या एका स्वस्त हॉटेलात त्याने अर्व्हिंग बर्लिनच्या देशभक्तिपर गीताला उत्तर म्हणून ‘धिस लँड इज युवर लँड’ लिहिले. हस्तलिखितावर तारीख व ठिकाण आहे, आणि त्यात खासगी मालकीवर व मदतकेंद्रापुढील रांगेवर दोन कडवी आहेत. शाळांतून जो पाठ रूढ झाला त्यात ही दोन्ही कडवी नाहीत. बखर व कागद यांतील फरक याहून स्पष्ट होणे कठीण.

शरदात सीबीएसच्या नभोवाणीवर काम मिळाले. तंबाखूच्या एका कंपनीने पुरस्कृत केलेल्या कार्यक्रमात त्याला पूर्वी कधी न मिळालेला पैसा मिळू लागला. मजकुरावर मात्र जाहिरातदाराचे नियंत्रण होते. वर्षअखेरीस त्याने ते सोडले व कुटुंबासह मोटारीतून पश्चिमेकडे निघाला. याच टप्प्यावर त्याला एक नवा आश्रयदाता लाभला, तो म्हणजे अमेरिकन सरकार. ओरेगॉन राज्यातील बॉनव्हिल वीज प्रशासनाने कोलंबिया नदीवरील धरणांच्या प्रचारपटासाठी मे १९४१ मध्ये त्याची एका महिन्यासाठी नेमणूक केली. वेतन २६६ डॉलर ६६ सेंट. त्या तीस दिवसांत त्याने सव्वीस गीते रचली. ‘रोल ऑन, कोलंबिया’ हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध; त्याची चाल लेड बेलीच्या एका गीतावरून घेतलेली. युद्धामुळे तो बोलपट १९४९ पर्यंत रखडला आणि पूर्ण झाला तेव्हा त्यात यांपैकी तीनच गीते उरली.

येथे शाहीर, आश्रय व काळ या तिन्ही प्रश्नांची उत्तरे सरकारी कागदावरच नोंदलेली आहेत. या गीतांत धरण म्हणजे उपाशी कुळाला पाणी व वीज देणारी शक्ती आहे, आणि ती गायकाची प्रामाणिक श्रद्धा होती यात संशय नाही; छावण्या पाहून आलेल्या माणसाला दुसरे काही दिसणे कठीण होते. परंतु ग्रँड कूली धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या केटल फॉल्स या साल्मन मासेमारीच्या प्राचीन ठिकाणी जून १९४० मध्ये मूळ रहिवासी जमातींनी एकत्र येऊन अश्रूंचा विधी केला होता. गथ्री तेथे पोहोचला त्याला तेव्हा वर्षही झालेले नव्हते. ‘रोल ऑन, कोलंबिया’च्या मूळ पाठात त्या जमातींचा उल्लेख येतो तो लढाईत हरलेले शत्रू म्हणून, आणि गायक विजेत्यांच्या बाजूने उभा आहे. पुढील गायकांनी ती कडवी बहुधा गाळली. १९३७ मध्ये एका विद्यार्थ्याने टपालाने पाठविलेल्या पत्राने त्याच्या वहीतील पाने फाडली गेली होती. १९४१ च्या त्या महिन्यात तो नभोवाणीवर नव्हता. मोटारीतून नदीकाठाने फिरत, वहीत लिहीत होता, आणि गीते ऐकून पत्र पाठविणारे कोणी अद्याप नव्हते.